पार्टी कोणाची, गळती कोणाची: बेसा रोडवरच्या एका कमिशनचा हिशेब

नागपुरात घराच्या बांधकाम-दुरुस्तीच्या धंद्यात ग्राहकाला ‘पार्टी’ म्हणतात. टाइल्सवाला पेंटरला पार्टी देतो, पेंटर फर्निचरवाल्याला, फर्निचरवाला पीओपीवाल्याला, आणि प्रत्येक वेळी पाच-दहा टक्के इकडून तिकडे जातात. यात गैर काही नाही. फ्लेक्स लावून जे काम येत नाही ते एका विश्वासाच्या फोनवर येतं, आणि त्या फोनची किंमत देणाऱ्यालाही परवडते. भांडणं टक्क्यावरून क्वचितच होतात. टक्का कशावर मोजायचा, कधी द्यायचा आणि पार्टीला ते ठाऊक आहे का, यावरून होतात.

पुढचं प्रकरण एकाच घराचं नाही. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात पुन्हा पुन्हा दिसणारे व्यवहार एकत्र करून ते मांडलं आहे. आकडे हिशेब नीट कळावा एवढ्यासाठी धरलेले आहेत.

व्यवहार

बेसा रोडवरचं रो-हाऊस, मालक निवृत्त शिक्षक. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करायचं काम एका टाइल्सच्या ठेकेदाराकडे, मटेरियलसकट ४,६०,००० रुपयांत. एप्रिलपर्यंत ४,००,००० मिळाले. उरलेले ६०,००० जूनअखेर, फायनल बिलाला.

काम चालू असतानाच मालकांनी विचारलं, गच्ची दोन पावसाळ्यांपासून गळते आहे, कोणी चांगला माणूस आहे का. ठेकेदारानं ओळखीचा वॉटरप्रूफिंगवाला बोलावला. दोघांमधली बोली फोनवर झाली, ती एवढीच: ‘दहा टक्के.’ कशाचे दहा, कोटेशनचे की हातात पडलेल्या रकमेचे, हे कोणी विचारलं नाही. गळती झाली तर काय, हे तर नाहीच नाही.

गच्ची ४४ बाय २५, म्हणजे १,१०० चौरस फूट. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगसाठी वॉटरप्रूफिंगवाल्याचा नेहमीचा दर फुटाला ६८ रुपये. कमिशन निघावं म्हणून त्यानं ७६ चा दर दिला, ८३,६०० रुपये. मालकांनी घासाघीस केली. तिथे ठेकेदार उभा होता, तो म्हणाला, “काकाजी, सत्तर बरोबर आहे, फायनल करून टाका.” ७७,००० ला ठरलं.

इथेच थांबून वजाबाकी करावी. ७७,००० चे दहा टक्के ७,७००. ते गेल्यावर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या हातात ६९,३००, म्हणजे फुटाला ६३ रुपये. त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा ५ रुपये कमी, एकूण ५,५०० ची तूट. पार्टीच्या डोक्यावर टाकायचं ठरलेलं कमिशन घासाघीशीत त्याच्याच अंगावर आलं. अशी तूट माणूस खिशातून भरत नाही, मटेरियलमधून काढतो.

तूट कुठून निघाली

या कोटिंगला दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, मिळून चौरस मीटरला साधारण दीड किलो माल लागतो. १,१०० चौरस फूट म्हणजे १०२ चौरस मीटर, म्हणजे १५३ किलो. २० किलोच्या आठ बादल्या. गच्चीवर रिकाम्या सहाच निघाल्या. बादली ४,२०० ची धरली तर ८,४०० वाचले. तूट भरून २,९०० वर उरले. दुसरा हात पातळ मारला की हे सहज जमतं, आणि पांढऱ्या कोटिंगवर डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून या कामात पार्टीनं एकच गोष्ट करावी: बादल्या सील असताना मोजाव्यात आणि रिकाम्या झाल्यावर पुन्हा मोजाव्यात. भंगारवाल्याला त्या लगेच देऊ नयेत.

दुसरी बचत कोपऱ्यात झाली. पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, वीट आणि स्लॅबचं काँक्रीट उन्हात सारखं फुगत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जूनच्या मध्यावर पहिला पाऊस तापलेल्या गच्चीवर पडतो, आणि जोडावरची केसाएवढी भेग उघडते. त्यासाठी भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचा दोन-तीन इंची वाटा (कोपऱ्याची गोलाई) मारायचा, त्यावर फायबरची जाळी, मग कोटिंग भिंतीवर नऊ इंच चढवायचं. इथे १३८ रनिंग फूट वाटा मारायचा होता. कारागिरांनी सांध्यात ब्रश फिरवला आणि पुढे गेले.

तिसरी गोष्ट कूलरची, आणि तिचा दोष एकट्या वॉटरप्रूफिंगवाल्यावर टाकता येत नाही. गच्चीवर लोखंडी स्टँडवर डक्टचा कूलर होता. मे महिन्यात नागपुरात कूलर तीन दिवस बंद ठेवा म्हटलं तर कोणती पार्टी ऐकते? मालकांनी नाही म्हटलं. मग कारागिरांनी स्टँडच्या चार पायांभोवती साधारण तीन बाय तीन फुटांचा चौकोन सोडून बाकी गच्ची मारली. त्या चौकोनात खस गळून गळून कायम ओल होती. ओल्या जागेवर हे कोटिंग बसलंही नसतं. काम घेतानाच हे लिहून ठेवायला हवं होतं: एवढा भाग कूलर निघाल्यावर होईल, त्याचे पैसे तेव्हा.

पाणी बांधून बघणं तर राहूनच गेलं. आऊटलेट बुजवून गच्चीवर सरासरी दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं असतं. १,१०० फुटांवर दोन इंच म्हणजे ५,२०० लिटरच्या आसपास, म्हणजे अख्खा एक टँकर. ज्या वस्तीत मे महिन्यात प्यायलाच टँकर येतो तिथे चाचणीसाठी टँकर कोण मागवणार, हा प्रश्न कोटेशनमध्ये नव्हता, त्यामुळे कोणीच मागवला नाही.

मेच्या मध्यावर काम संपलं. मालकांनी पूर्ण ७७,००० दिले, काही राखून ठेवलं नाही. ठेकेदाराला अॅडव्हान्सच्या दिवशी ३,८५० आणि काम संपलं त्या संध्याकाळी ३,८५० असे यूपीआयनं मिळाले. पहिला थेंब पडायच्या आधीच सगळ्यांचे पैसे सगळ्यांना पोचले होते.

जुलै

दुसऱ्या आठवड्यात झड लागली. वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली, मग कूलरच्या स्टँडखाली छताचं पीओपी फुगलं. मालकांनी वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पाऊस थांबू द्या. दुसऱ्यांदा म्हणाला, पोरं गावाला गेली आहेत. हे खोटं नव्हतं. नागपुरातली बरीच मजुरी बालाघाट, छत्तीसगड, भंडारा-गोंदियाकडची, आणि जुलैत रोवणी लागली की ती पोरं धानाच्या बांधीत असतात. ज्या महिन्यात गच्च्या गळतात त्याच महिन्यात गच्चीची माणसं शहरात नसतात. वॉटरप्रूफिंगवाल्याची शिफारस करण्याआधी त्याच्याकडे बारमाही दोन माणसं तरी आहेत का, हे विचारायलाच हवं.

तिसऱ्या फोनला मालक चिडले. तेव्हा तो म्हणाला, “मायाकून तर सात हजार सातशे त्यायनंच घेतले. त्यायलेच सांगा न.”

मालकांना कमिशनबद्दल कळलं ते असं. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला: “भाऊ, माणूस तुमी पाठवला, भाव तुमी ठरवला, अन् पैसे बी तुमीच खाल्ले. आता गच्ची बी तुमीच पाहा.” बाथरूमच्या कामाचे ६०,००० त्यांनी रोखले. बाथरूममध्ये काही खोट नव्हती. कायद्यानं एका कामाचे पैसे दुसऱ्या कामासाठी अडवणं टिकेल का, हा वेगळा मुद्दा. साठ हजारांसाठी कोर्टात कोणी जात नाही, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

ठेकेदारानं ताडपत्री टाकून पावसाळा काढला आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुरुस्ती केली. सांधा खोलून वाटा, जाळी, दोन फुटांचा पट्टा पूर्ण परिघाला: २७६ चौरस फूट, म्हणजे दोन बादल्या, ८,४००. जाळी १,२००. मसाला आणि पॉलिमर २,८००. एक मिस्त्री ९०० नं, एक मजूर ५५० नं, तीन दिवस, ४,३५०. कूलर तेव्हा बंदच होता; स्टँड उचलून खालचा चौकोन याच मालात निघाला. दुरुस्ती १६,७५०, ताडपत्री २,२००, आतलं पीओपी-पुट्टी-रंग ४,५००. एकूण २३,४५०. शिवाय अडकलेल्या ६०,००० मुळे टाइल्सच्या दुकानाची तेवढीच उधारी चार महिने थकली, महिना दीड टक्क्यानं ३,६०० व्याज. मिळालेले ७,७०० वजा करता १९,३५० चा खड्डा. बाकीच्या गच्चीवरचा पातळ थर तसाच राहिला, त्याला पुढच्या उन्हाळ्यात एक हात लागणार होताच.

कायदा आणि कर इथे काय म्हणतात

नुसता नंबर देणं आणि भाव ठरवताना मध्ये बोलणं यांत मोठा फरक आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८२ प्रमाणे दुसऱ्याच्या वतीनं तिसऱ्याशी व्यवहार करणारा तो एजंट. ‘हा नंबर घ्या, तुम्ही बोला’ एवढ्यावर कोणी एजंट ठरत नाही. पण मालकाच्या बाजूनं उभं राहून ‘सत्तर बरोबर आहे’ म्हणणारा माणूस त्या व्याख्येच्या जवळ जातो. कलम २१५ आणि २१६ चा रोख असा की एजंटनं मालकाला अंधारात ठेवून त्याच व्यवहारात आपला फायदा करून घेतला तर मालक तो फायदा मागू शकतो. म्हणजे वादात ७,७०० मालकांचेच ठरण्याचा धोका होता. आधी सांगितलं असतं तर हा मुद्दाच उरला नसता.

मालकांना जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत वॉटरप्रूफिंगवाल्याविरुद्ध जाता आलं असतं. सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीत शिफारस करणाऱ्याचंही नाव घातलं जातं. तिथे बोलीपेक्षा चॅट कामाला येतं. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन आणि मूळ चॅट जपून ठेवावं. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये.

कराच्या बाजूनं एक खड्डा फार जणांना दिसत नाही. छोटे ठेकेदार १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडी प्रमाणे उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवून मोकळे होत आले आहेत. त्याच कलमात लिहिलं आहे की कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न मिळवणाऱ्याला ही सोय लागू नाही. यूपीआयनं ‘कमिशन’ असा शेरा मारून महिन्याला दोन-तीन रकमा येत असतील तर सीएला ते रिटर्नच्या आधी सांगावं, नोटीस आल्यावर नव्हे. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, जुन्या वर्षांसाठी जुनेच बघायचे.) देणाऱ्याची आधीच्या वर्षाची धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर असेल आणि वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं तर २ टक्के टीडीएस कापावा लागतो. बेसा रोडच्या या प्रकरणात दोन्ही लागू नव्हतं. जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या उलाढालीच्या मर्यादेत मात्र कमिशनही मोजलं जातं.

मग कमिशन न घेता काम आपल्याच नावावर घेऊन मार्जिन का ठेवू नये? वॉटरप्रूफिंगवाल्याचं बिल ६९,३०० ठेकेदाराला, ठेकेदाराचं ७७,००० पार्टीला. हातात तेच ७,७०० राहतात, आणि ते ठेक्याचंच उत्पन्न असल्यानं ४४एडीची अडचण नाही. पण उलाढाल ७७,००० नं वाढते, जीएसटी नोंदणी असेल तर पार्टीला १८ टक्क्यांचे १३,८६० जास्त पडतात, आणि घरमालकाला त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. गॅरंटी तर संपूर्ण ठेकेदाराचीच. ज्याला वॉटरप्रूफिंगमधलं कळतं, जो रोज गच्चीवर चढून बादल्या मोजणार आहे, त्यानं मार्जिन घ्यावं. आमच्या मते टाइल्सवाल्यानं घेऊ नये. या ठेकेदाराला दोन्हीतलं वाईट ते मिळालं: पैसे कमिशनचे आणि गॅरंटी मार्जिनवाल्याची.

नवा कागद

डिसेंबरमध्ये ठेकेदारानं पाच जणांसमोर एक पानी करार ठेवला. स्टॅम्प पेपर ५०० चा (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही). पेंटर आणि इलेक्ट्रिशियननं सही केली, दोन वॉटरप्रूफिंगवाल्यांपैकी एकानं केली, फर्निचरवाल्यानं ‘पाहू’ म्हणून ठेवून घेतला.

टक्का काढून ठोक रक्कम ठेवली: १,५०० फुटांपर्यंतच्या गच्चीला ४,०००. टक्क्यात शिफारस करणाऱ्याचा फायदा भाव वाढण्यात असतो, ठोक रकमेत तो उरत नाही. रक्कम दोन भागांत. पहिली २,००० काम संपल्यावरचं पेमेंट पार्टीकडून आल्यावर, दुसरी ३० सप्टेंबरनंतर, पहिल्या पावसाळ्यात गच्ची गळली नाही तर. पेंटिंगला आणि वायरिंगला पावसाळ्याची अट नाही, तिथे ३० दिवस. पार्टीला सुचवायचं की दहा टक्के रक्कम तिनंही सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवावी. हे कलम वाचूनच दुसरा वॉटरप्रूफिंगवाला उठून गेला.

सगळ्यात जास्त काम केलं ते पार्टीला जाणाऱ्या संदेशानं. तो ठरलेला मजकूर असा: ‘काकाजी, गच्चीसाठी यांचा नंबर देतो. काम झालं तर मला त्यांच्याकडून ४,००० रुपये मिळतील. भाव तुम्ही त्यांच्याशीच ठरवा, अजून एक-दोन कोटेशन घ्या. काम आणि गॅरंटी त्यांची, लेखी घ्या.’ हे वाचून पार्टी पळेल अशी भीती प्रत्येकाला असते. पार्ट्या पळाल्या नाहीत. त्यांना राग येतो तो नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळलं की.

पार्टी फोडली जाऊ नये, म्हणजे दिलेला ग्राहक परस्पर नेला जाऊ नये, म्हणून क्रम उलटा केला. नंबर देण्याआधी वॉटरप्रूफिंगवाल्याला संदेश: ‘बेसा रोड, गच्ची, १,१०० फूट, टाइल्सचं काम चालू आहे.’ त्याचा ‘ओके’ आला की मगच पार्टीला नंबर. हार्डवेअरच्या दुकानदारानंही तोच नंबर दिला असेल तर ज्याचा ‘ओके’ आधीचा त्याची पार्टी. त्याच घरातलं बारा महिन्यांतलं पुढचं काम कमिशनसाठी धरलं जातं, पॅरापेटवरून बघून शेजाऱ्यानं थेट बोलावलं तर नाही. यावर ठेकेदार बराच वेळ अडून बसला होता. पण शेजाऱ्यानं काम पाहून बोलावलं, ठेकेदाराला पाहून नव्हे.

शिफारस करण्याआधीची तपासणी कागदात नाही, ती ठेकेदारानं स्वतःसाठी ठेवली: दोन पावसाळे झालेली एक गच्ची प्रत्यक्ष बघायची, त्या घरमालकाशी बोलायचं, आणि सांध्यावर टाच दाबून बघायची. वाटा पोकळ असेल तर आवाज येतो.

पुढच्या एप्रिल ते जूनमध्ये सात नंबर दिले, पाच कामं झाली, मिळून ३,८५,००० ची. जुन्या दहा टक्क्यांनी ३८,५०० झाले असते. नव्या कागदानं २०,००० ठरले, त्यातले १०,००० जूनपर्यंत आले. सप्टेंबरनंतर चौघांचे ८,००० आले. पाचव्या गच्चीत टाकीच्या खांबाच्या बुडाशी पाणी उतरलं, तिथले २,००० दुरुस्तीवर अडकून राहिले. ठेकेदाराचं म्हणणं आहे की अर्धं उत्पन्न गेलं, आणि ते खरं आहे. पण या हंगामात त्याचं स्वतःचं एकही फायनल बिल दुसऱ्याच्या गळतीपायी अडलं नाही.

त्या पाचव्या गच्चीवरून कागदात एक ओळ वाढली. तिथे पार्टीनं टँकर द्यायला नकार दिला होता, त्यामुळे पाणी बांधलंच नव्हतं, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचं म्हणणं होतं की चाचणी झाली असती तर खांबाचं बूड मे महिन्यातच दिसलं असतं. ओळ अशी: ‘चाचणीचा टँकर पार्टीचा. पार्टीनं नाही म्हटलं तर तसं तिच्याकडून व्हॉट्सअॅपवर घ्यायचं; मग दुसरी २,००० ची रक्कम पावसाळ्यावर अवलंबून नाही.’ ही ओळ ठेकेदाराच्या बाजूची आहे, आणि वॉटरप्रूफिंगवाल्यानं तिच्यावर अजून सही केलेली नाही.